चादर, चादर, टॉवेल

मंगळवार, ५ मार्च

चि. भोपळ्यास अनेक आशीर्वाद.

सगळ्यांत आधी आली ती शेजारची शिंपीणबाई. तिला कुणी बोलावलं होतं? आपला रिकामा कॅन परत न्यायचा म्हणून आली आणि थेट गादीच्या खुर्चीवर बसली. म्हटलं, "अगं, पाहुणे यायचेत, ती खुर्ची त्यांची." तर म्हणते, "आले की उठेन. तोवर गरम करून ठेवते." आणि पाहुणे आल्यावर उठली का? नाही. उलट त्यांनाच विचारते, "तुमचा कोट कुणी शिवला हो? एक बाही लांब आहे."

पाहुणे दोघं. एक म्हातारे सर. त्यांच्या भुवया अशा झुबकेदार, की बोलताना मी डोळ्यांऐवजी भुवयांकडेच बघत होते. त्यांना मी मनातल्या मनात भुवयासर म्हणते. दुसरी एक बाई, मध्यम वयाची, गळ्यात भिंग, हातात कॅमेऱ्याची पेटी. कमी बोलणारी. चहा मात्र तिने दोनदा मागून घेतला, त्यामुळे मला आवडली.

आता तू म्हणशील, आईकडे असले पाहुणे कशाला? तर ते आले होते तुझ्या लेकीच्या कामासाठी. नाव काढलं म्हणून पत्र फाडू नकोस, पुढे वाच. तू तिच्याशी बोलत नाहीस म्हणून ती माझी नात व्हायची थांबत नाही. मुंगी आता माझ्याकडेच राहते हे तुला ठाऊक आहे. औषधांचं शिक्षण सोडून दगडांचं घेतलं म्हणून तू चिडलास, हेही ठाऊक आहे. पण ती काय करते हे तू कधी विचारलंस का? मी विचारलं.

तुझ्या अण्णांनी खाणीतून आणलेला तो दगड आठवतो ना? पांढरा, मध्ये मधाच्या रंगाचे खडे. त्याचा अर्धा आपल्या फळीवर होता. मुंगीने त्याचा कपचा नेऊन मशिनीत घातला, आणि तिचं म्हणणं असं, की त्या खड्यांमधलं खनिज कुणी आजवर नोंदवलेलंच नाही. स्वतंत्र जात आहे. भुवयासर म्हणजे जाती ठरवणाऱ्या मंडळींतले मोठे. ते खरं-खोटं करायला आले होते. त्यांनी हो म्हटलं तर मुंगीची तीन वर्षं कामी आली. नाही म्हटलं तर मशिनीचा वेळ दुसऱ्याला देतील आणि हिचं काम राहील तिथेच.

दगड त्यांनी पाहिला. मी तो आधी जरा स्वच्छ करून ठेवला होता. पाहुण्यांपुढे काही तसंच ठेवायचं नाही, हा माझा स्वभाव. त्याचं पुढे सांगेन.

सरांनी मला अण्णांबद्दल खूप विचारलं. खाणीच्या कुठल्या अंगाचा दगड, कोणत्या साली, सोबत अजून काय होतं. खाणीत पाणी भरून इतकी वर्षं झाली, आता तिथे कुणाला उतरता येत नाही, म्हणून माझी साक्ष. मी सांगितलं, मला जेवढं आठवतं तेवढं. तुझ्या लहानपणीचं पण सांगितलं, की तू इतका गुबगुबीत होतास की तुला कडेवर घेतलं की माझा खांदा उतरायचा. त्याचा दगडाशी संबंध नव्हता, पण बाई हसली.

जाताना म्हणाले, "पुन्हा येऊ." कधी ते नाही सांगितलं. दिवस न सांगता जाणारा पाहुणा परत येत नसतो, हे मी उगाच म्हणत नाही, आयुष्यभर पाहिलंय.

सूनबाईच्या गुडघ्याला शेक दे. आणि सहज विचारते, तुझ्या खिडकीत तो दुसरा अर्धा अजून आहे का रे? सहजच.

तुझी आई


रविवार, १० मार्च

चि. भोपळ्या,

उत्तर नाही आलं. यायला वेळच कुठे झालाय, असं शिंपीणबाई म्हणते. पण मला धीर धरवत नाही, कारण मी तुला अर्धंच सांगितलं. फोन केला तर तू "बरी आहेस ना, मी बरा आहे" म्हणून ठेवून देतोस. पत्र तसं ठेवता येत नाही, म्हणून पत्रच.

दगड मी जरा स्वच्छ केला असं लिहिलं होतं. तर ते "जरा" नव्हतं, आणि त्यांनी दगड पाहिला हेही खरं नव्हतं.

तुला माझं रुग्णालयाचं धुलाईघर आठवत असेल. तिथे मोठाल्या हंड्यांना पांढरा क्षार चढायचा, तो काढायला आम्ही व्हिनेगर टाकायचो. शिंपीणबाईसुद्धा वाफेच्या इस्त्रीतला क्षार तसाच काढते. पाहुणे यायचे ठरले आणि मी फळीवरचा दगड हातात घेतला, तर सगळा पांढरा. म्हटलं, एवढी वर्षं ओल्या भिंतीजवळ राहून क्षार चढलाय बिचाऱ्यावर. सुंदर मधाचे खडे आत गुदमरलेत. टाकला बादलीत, ओतलं घरातलं व्हिनेगर. काय फेस आला म्हणून सांगू! मी खूश. मळ निघतोय म्हटलं. दुसऱ्या दिवशी फेस थांबला, तर शिंपीणबाईचा कॅन आणून ओतला. पुन्हा फेस.

तिसऱ्या दिवशी बादलीत हात घातला तर दगड सापडेना. लोकरीचा स्वेटर उकळत्या पाण्यात टाकल्यावर कसा आटतो, तसा दगड आटला होता. सुपारीएवढं काहीतरी उरलेलं, तेही हातात घेतल्यावर भुगा.

मुंगी घरी आली तेव्हा मी तिला काही बोलले नाही. पाहुणे दारात येईपर्यंत बोलले नाही. भुवयासर म्हणाले, "दाखवा बरं दगड," आणि मुंगी फळीकडे वळली. फळी रिकामी. मग मला बोलावंच लागलं.

मुंगी खाली जमिनीवरच बसली. रडली नाही. नुसती म्हणाली, "आजी, तो पांढरा क्षार नव्हता गं." मग म्हणाली, "म्हणजे, क्षारच होता. पण तो दगडाचाच होता."

काय आहे ते नंतर मला समजावलं. ही सगळी खनिजं एकाच भाऊबंदकीतली. सगळी कार्बोनेटं. आम्ल लागलं की फेसतात, हा त्यांचा घरचा गुण. त्यातलं पांढरं, ते साधं, लगेच विरघळतं. हंड्यावरचा क्षार तो हाच. आणि मधाचे खडे मात्र दुर्मीळ, ते आम्लाला सहजी दाद देत नाहीत. पांढरा म्हणजे आईदगड, त्याच्या पोटात हे बसलेले. मी आईला विरघळवून टाकलं.

शिंपीणबाई म्हणाली, "बाई गं, माझ्या कॅनने!" आणि पहिल्यांदाच खुर्चीवरून उठली.

आणि इकडे भुवयासर म्हणतात, "आजी, ते पाणी कुठे आहे?"

धुलाईघरची माझी एक खोड आहे. पाणी गाळल्याशिवाय मोरीत सोडायचं नाही. रुग्णांच्या कपड्यांतून काय काय निघायचं! बटणं, पिना, कानातलं, एकदा तर कुणाचा सोन्याचा दात. घरी पण मी बादलीवर फडकं लावूनच पाणी ओतते, तुझ्या अण्णांनी मला त्यावरून जन्मभर चिडवलं. तर ते फडकं मोरीच्या कडेला पडलं होतं, न झटकलेलं. मी आणून टेबलावर पसरलं.

भोपळ्या, मी आता जे लिहिते ते नीट वाच. त्या फडक्यावर वाळूसारखे कण होते. मी म्हटलं, कचरा. कॅमेऱ्याच्या बाईने गळ्यातलं भिंग लावलं आणि चहाचा कप दूर सारला. मग सरांनी बघितलं. मग मुंगीने. मग मला दिलं.

प्रत्येक कण सहा बाजूंचा. सहाच. एकसुद्धा पाच किंवा सात नाही. कडा अशा, की मी जन्मात चादरीला तशी घडी घातली नाही. खिडकीतून ऊन पडलं तर मधासारखे. बाईने ते फडकं उचलून स्वयंपाकघरातल्या ट्यूबखाली नेलं, तर तेच कण हिरवट. परत उन्हात आणले, परत मध. मला शब्दच फुटेना. मला शब्द फुटेना म्हणजे काय हे तुला वेगळं सांगायला नको.

शेवटी सर म्हणाले, "फार सुंदर. पण सुटे." आणि भुवया खाली आल्या. सुट्या खड्यांवर नवी जात ठरत नाही म्हणे. ते आईदगडात बसलेले दिसायला हवेत, शेजारी कोण होतं ते कळायला हवं. नाहीतर कुणीही म्हणेल, फडक्यावर कुठून आले हे? आजीच्या मोरीतून?

मुंगीने आधी नेलेला कपचा तपासणीतच संपला. आईदगड आता एकच उरलाय. तुझ्या खिडकीत.

मुंगी मागणार नाही. तुझीच लेक आहे. आणि मी हे लिहितेय हे तिला सांगितलेलं नाही, त्यामुळे तूही सांगू नकोस. तसाही तू तिच्याशी बोलत नाहीस, म्हणजे गुपित पक्कं.

व्हिनेगरच्या वासाची आई


सोमवार, १८ मार्च

चि. भोपळ्यास,

आज मी मुंगीच्या मशिनीजवळ जाऊन आले. नवी वहाण घालून गेले आणि तिथे दारातच काढून कापडी मोजे घालायला लावले. धूळ चालत नाही. मी म्हटलं, अण्णा असते तर इथे नोकरी मागितली असती.

तुझा राग माझ्या लक्षात आहे. "दगडांनी माझा बाप नेला, आता पोरगी पण," असं तू म्हणालास आणि दार आपटून गेलास, तेव्हा मी पलीकडेच कांदा चिरत होते. दगडांनी अण्णांना नेलं हे मला माहीत नाही का? त्यांच्या उशाशी कोण होतं? रात्र-रात्र ती छाती कशी वाजायची हे तू दूर होतास म्हणून ऐकलं नाहीस, मी ऐकलं. पण तुला एक सांगते. त्यांना राग धुळीचा होता, मालकाचा होता, ज्याने तोंडाला बांधायला फडकं दिलं नाही त्याचा होता. दगडाचा कधी नव्हता. दगडाबद्दल बोलताना त्यांचा खोकला थांबायचा.

असो. मशीन खोलीभर आहे. एका उंच नळकांड्यात खड्याचा इतका बारीक कपचा ठेवतात की डोळ्यांना दिसतच नाही, आणि बाजूच्या पडद्यावर त्याचं पोट दिसतं. मुंगीने मला खुर्चीत बसवलं, दिवा मालवला. म्हणाली, "आजी, बघ."

रेघा. नुसत्या रेघा, आडव्या, एकाखाली एक. मला वाटलं टीव्ही बिघडला.

"हे थर आहेत," म्हणाली. "तू धुलाईघरात गठ्ठे लावायचीस ना, तसे." आणि मग तिने मला जे समजावलं ते मी तुला समजावते, कारण मला समजलं म्हणजे कुणालाही समजेल.

आमच्याकडे प्रत्येक वॉर्डाचा गठ्ठा वेगळा असायचा. एका वॉर्डाला नुसत्या चादरी. एकाला नुसते टॉवेल. एकाला चादर, टॉवेल, चादर, टॉवेल असं एकाआड एक. आणि एकाला एक चादर, दोन टॉवेल, एक चादर, दोन टॉवेल. लांबून बघितलंस तर सगळे पांढरे गठ्ठे, पण आम्हाला कडेवरून नुसती नजर टाकली की कळायचं, हा कोणत्या वॉर्डाचा.

तर या दुर्मीळ कार्बोनेटांचं घराणं अगदी असंच आहे! त्यांच्यात दोनच तऱ्हेचे थर. एक बिनचुन्याचा, तो समज चादर. एक चुन्याचा, तो टॉवेल. नुसत्या चादरी, तर एक जात. नुसते टॉवेल, तर दुसरी. एकाआड एक, तर तिसरी. एक चादर दोन टॉवेल, तर चौथी. माल तोच, लावायची पद्धत वेगळी, की खनिज वेगळं! मी विचारलं, "रंगावरून नाही का ठरवत?" तर म्हणे रंग फसवतो. "वजनावरून?" तेही थोडं फसवतं. आत रचना कशी आहे, त्यावर ठरतं. मला हे फार पटलं. माणसांचं पण असंच करायला हवं होतं.

आणि अण्णांच्या दगडात काय आहे माहितीये? चादर, चादर, टॉवेल. चादर, चादर, टॉवेल. मी पडद्यावर बोट ठेवून मोठ्याने म्हणत गेले. असा वॉर्डच आजवर कुणी नोंदवला नव्हता.

बोट खाली जात होतं आणि मला धुलाईघर आठवत होतं. आम्ही दोघी-दोघी मिळून गठ्ठे लावायचो, तरी दुपारी जेवणानंतर कुणीतरी चुकायचंच. टॉवेलावर टॉवेल पडायचा. आणि हे? माणूस नव्हता, दिवा नव्हता, डोंगराच्या पोटात, गरम पाण्यात, ज्याला आपण केव्हा म्हणूसुद्धा शकत नाही तेव्हा, कुणी ही घडी घातली? कुणाला घाई नव्हती, कुणी बघणारं नव्हतं, तरी चुकलं नाही. मी मुंगीला म्हटलं, "हे बघायला कुणी नव्हतं तरी नीट लावलं गं." ती म्हणाली, "हो आजी. म्हणून तर मी औषधं सोडली." मग दोघी अंधारात बसलो. मला देवळात कधी इतकं गप्प बसता आलं नाही.

पण पुढे पडदा सरकवला आणि एका जागी घोटाळा दिसला. चादर, टॉवेल, टॉवेल. मग परत नीट. मुंगीचा चेहरा उतरला. माझ्या आंबट पाण्याने खड्याची कड कुरतडली आहे, म्हणून कडेशी नक्की काय होतं ते सांगता येत नाही. भुवयासर म्हणतात, थोड्या जागेपुरता क्रम जमला तर ती जात नाही, ती एक चूक, सुदैवाने देखणी. क्रम खड्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत टिकला, तरच ती जात. त्यासाठी आम्ल न लागलेला खडा हवा, आईदगडात बसलेला.

म्हणून आता सहज नाही, सरळ मागते. तुझ्या खिडकीतला दगड पाठव.

तो तुला कसा मिळाला हे विसरला नाहीस ना? तू घर सोडून नोकरीला निघालास, अण्णांनी अंगणात हातोडीने एका घावात दगड दुभंगला आणि अर्धा तुझ्या पिशवीत घातला. तुला घड्याळ हवं होतं. तुझं तोंड एवढंसं झालं होतं! ते म्हणाले, "खाली खाणीच्या दिव्यात हा हिरवा दिसतो आणि वर उन्हात मधासारखा. दोन्हीकडे तोच असतो. जपून ठेव." तुला वाटलं, अण्णा थट्टा करतात. मलाही वाटलं होतं. परवा ट्यूबखाली बघेपर्यंत मला ते खोटंच वाटत होतं.

तुझी आई


गुरुवार, २८ मार्च

भोपळ्या,

टपालवाला माझ्या दारावरून नुसता सायकल हाकत जातो आणि मी बघत बसते. आज त्याने न विचारताच हात हलवला, "नाही आजी."

पाठवायचा नसेल तर नको पाठवूस. पण "नाही" एवढं तरी लिही. दोन अक्षरं आहेत, मी चौथी शिकले तरी मला येतात.

मुंगीला मशिनीवर महिनाअखेरीनंतर फक्त थोडे दिवस दिलेत. ती अजून सुटे खडेच बघत बसते. जेवायला हाक मारली तर "आलेच" म्हणते आणि येत नाही. हे कुणासारखं, ते तुला सांगायला हवं का? पतंग उडवताना तू असाच "आलोच" म्हणायचास.

आई


शनिवार, ६ एप्रिल

माझ्या भोपळ्या,

खोकं आलं.

टपालवाला आत आला, पाणी प्यायला, आणि उघडेपर्यंत हलायलाच तयार नाही. शिंपीणबाई कात्री घेऊन आली. मी म्हटलं, कात्री नको, गाठ मी सोडवते. ती गाठ तुझीच. अण्णांनी तुला शिकवलेली, दोरीचं टोक आतून घेऊन दाबायचं. सूनबाईने बांधलं असतं तर वाटेतच सुटलं असतं, ती शिवण घालते तेव्हासुद्धा गाठ विसरते. तिला हे वाचून दाखवू नकोस.

आत पत्र नव्हतं. मी खोकं उलटं करून हलवलं, तरी नव्हतं. तुझा तो जुना निळा स्वेटर, कोपरात झिजलेला, आणि त्यात दगड.

मुंगीने स्वेटर उलगडला. दगड बाहेर काढला, पण लगेच बघितला नाही. आधी तिने स्वेटर नीट घडी करून मांडीवर ठेवला. मग दगड फिरवला. एका बाजूला हिरवा रंग लागला होता. तुझ्या खिडकीचा. एक थर गडद, त्यावर एक फिका, त्यावर परत गडद. प्रत्येक वेळी खिडकी रंगवलीस, तेव्हा दगड न उचलता त्याच्या बाजूनेच ब्रश फिरवलास ना रे? किती वर्षं तो तिथेच होता, हे तिला विचारावं लागलं नाही. ती ते रंगाचे थर बोटाने चाचपत राहिली. थर वाचणं तिचं कामच आहे.

मग म्हणाली, "आजी, बाबांना कुणी सांगितलं?"

मी म्हटलं, "मला काय माहीत, वाऱ्याने सांगितलं असेल."

शिंपीणबाई जोरात हसली. तिला काही पोटात ठेवता येत नाही.

टपालवाला म्हणाला, "एवढ्यासाठी मी इतके दिवस बोलणी खाल्ली? दगड?" मी त्याला उन्हात नेऊन मधाचे खडे दाखवले आणि मग ट्यूबखाली नेऊन हिरवे. तो टोपी काढून उभा राहिला. दुसऱ्यांदा दाखवा म्हणाला.

बाळा, व्हिनेगरची बाटली मी शिंपीणबाईकडे ठेवायला दिली आहे. घरात एक थेंब नाही.

आणि हो, तुझी खिडकी आता कशाने अडवलीस? वाऱ्याने आपटत असेल.

तुझी आई


रविवार, २८ एप्रिल

चि. भोपळ्यास आणि सूनबाईस अनेक आशीर्वाद.

हे पत्र लांबणार आहे, चहा घेऊन बस.

भुवयासर आणि कॅमेऱ्याची बाई काल आले. दिवस न सांगता गेले होते तरी आले, माझं म्हणणं खोटं ठरलं, मी कान धरले. यावेळी शिंपीणबाईने गादीची खुर्ची सोडली आणि सरांच्या कोटाची लांब बाही चहा होईपर्यंत आखूड करून दिली. सर शर्टावर बसले होते, ऐन कामाच्या गप्पा त्यांनी शर्टावर केल्या.

पण त्याआधीचं सांगायला हवं. त्याआधी मुंगीने आपल्या दगडाचा हळूच एक कपचा काढला. हिरव्या रंगाची बाजू सोडून. तिकडे करवत लावणार नाही म्हणाली, कारण विचारलं तर सांगितलं नाही. मशीन लावली. मला सोबत नेलं, कारण मी रेघा मोठ्याने म्हटल्या की तिला बरं वाटतं, असं ती म्हणते. मला बरं वाटतं म्हणून नेते, हे मला कळतं.

चादर, चादर, टॉवेल. मी म्हणत गेले. ती पडदा सरकवत गेली. चादर, चादर, टॉवेल. माझा घसा सुकला. तिने पाण्याचा पेला दिला, मी प्यायले, परत म्हणायला लागले. खडा संपेना आणि चूक येईना. एका ठिकाणी मीच चुकले, तीनदा चादर म्हणून गेले, तर मुंगी म्हणाली, "नाही आजी, नीट बघ." बघितलं, तर दगड बरोबर होता. मी चुकले, दगड नाही. कडेपर्यंत गेलो. कडेपलीकडे पांढरा आईदगड लागला, आणि ऐन शेवटची रेघसुद्धा टॉवेलाची होती.

मुंगीने मान टेबलावर ठेवली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. तिच्या खांद्याची हाडं हाताला लागतात, तुझी लहानपणी कधी लागली नाहीत.

काल मुंगीने घरी आणलेल्या फोटोंत सरांनी हे सगळं स्वतः बघितलं. बराच वेळ बघितलं. इतका वेळ की बाईने दोनदा चहा मागितला आणि मी दोनदा दिला. मग त्यांनी चष्मा काढला, भुवया वर गेल्या त्या तिथेच राहिल्या. मुंगीला म्हणाले, "ही चूक नाही. ही जात आहे." मग दगड हातात घेऊन म्हणाले, "मी या घराण्याच्या मागे तुमच्याएवढा असल्यापासून आहे. वाटलं होतं, मंडळी सगळी भेटली." एवढा मोठा माणूस, आणि तोंडावर भाव कसा? पहिल्यांदा फुगा बघणाऱ्या पोराचा.

मंडळींकडून रीतसर शिक्का यायला अजून वेळ आहे. पण सर म्हणाले, पुढच्या कामाला लागा. आणि पुढचं काम काय, तर नाव. नवी जात म्हटल्यावर नाव लागतं. जिने शोधलं तिने सुचवायचं, अशी रीत आहे. त्यांनी कागद काढला, पेन काढलं आणि मुंगीला म्हणाले, "बोला."

मला वाटलं, ती अण्णांचं नाव घेणार. तिच्या ओठांवर ते आलेलं मी बघितलं. पण ती म्हणाली, "आज नाही सांगत. बाबांना विचारल्याशिवाय नाही. दगड अर्धा त्यांचा आहे."

सरांनी पेन मिटलं. म्हणाले, "बरोबर आहे. मग विचारून ठेवा. आम्ही परत येतो."

भोपळ्या, तू नाव काय सांगशील ते मला ठाऊक नाही. अण्णांचं नको असेल तर तसं सांग, ती ऐकेल. पण समोर येऊन सांग. फोनवर "बरी आहेस ना" म्हणून नाव ठेवता येत नाही.

ये म्हणजे तुला पडद्यावरच्या रेघा दाखवू. मी म्हणून दाखवेन. ज्याच्याबद्दल बोलताना अण्णांचा खोकला थांबायचा, ते आत कसं आहे, एकदा बघ. मी या वयात बघितलं आणि तेव्हापासून मला साधं मीठसुद्धा चिमटीत घेतलं की थांबून बघावंसं वाटतं. काल त्यामुळे भाजी करपली.

मुंगीने तुझ्या खिडकीसाठी लाकडाची पाचर तासून ठेवली आहे. हिरवी रंगवलीय, दोन हात देऊन, गडद आणि फिका. मी म्हटलं, टपालाने पाठवू या. तर म्हणते, नको, हरवेल.

स्वेटर धुऊन, कोपराला ठिगळ लावून ठेवलाय. शिंपीणबाईने लावलं, वर फुकट.

तुझी आई

ता. क. पाहुणे बुधवारी, आठ तारखेला येतो म्हणून गेलेत. घरची माणसं आदल्या दिवशी येतात.